तासभर पुढे कर

नणंदेचा फोन आला तेव्हा मी शनीच्या कड्यांजवळ होते. रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती, नवरा आतल्या खोलीत घोरत होता आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. आमच्या चारकोपच्या घरात त्या टेबलाचा अर्धा भाग जेवायचा आणि अर्धा माझा. माझ्या अर्ध्या भागावर कोणी आमटीचं पातेलं ठेवलं तर मी भांडते.

आकाश दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. आपण कुठे आहोत ते सांगायचं, तारीख आणि वेळ घालायची, की त्या जागेवरून त्या क्षणी दिसणारं आकाश पडद्यावर उघडतं. दुपारी दोन वाजता सूर्य पुसून टाकता येतो आणि त्याच्यामागचे तारे बघता येतात. पायाखालची जमीन काढून टाकता येते. शंभर वर्षं मागे जाता येतं. ज्या ग्रहावर क्लिक करावं तो जवळ येतो, त्याचे चंद्र दिसतात, तो किती लांब आहे ते शेजारी लिहून येतं.

हे खूळ माझ्या डोक्यात भरलं ते रागातूनच. मोबाइलचे अँटेना बसवल्यापासून आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे. एकदा मी सेक्रेटरींकडे चावी मागितली.

"कशाला?" ते म्हणाले.

"तारे बघायला."

ते आधी हसले. मग मी हसत नाही हे बघून म्हणाले, "मॅडम, मोबाइलवर बघा ना. आजकाल सगळं मोबाइलवर मिळतं."

माझी जी सटकली! खाली उतरेपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी येऊन मी खरंच शोधलं आणि हे सॉफ्टवेअर सापडलं. त्यात शहराचा उजेड कमी-जास्त करायची एक पट्टी आहे. आमच्या इथला उजेड ठेवला की पडद्यावर चंद्र आणि चार-पाच ठिपके राहतात, अगदी खिडकीतून दिसतात तेवढेच. ती पट्टी मी हळूहळू मागे ओढली आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसे तारे फुटायला लागले. थांबेचनात. लोकांना म्हणे अशा वेळी भरून येतं. मला भयंकर राग आला. हे एवढं सगळं डोक्यावर आहे आणि रस्त्यापलीकडच्या त्या दाताच्या दवाखान्याच्या झगझगीत होर्डिंगपायी आपल्याला ते दिसत नाही, आणि याबद्दल कोणाची काही तक्रारच नाही! होर्डिंगवरची बाई रात्रभर हसत असते. तिचा एकेक दात मला पाठ आहे.

तर नणंदेचा फोन आला.

"अगं, तू ते ग्रहांचं करतेस ना कॉम्प्युटरवर?"

"बघते मी ताई. करत काही नाही."

"तेच ते. एक काम होतं. पोरीचं."

पोर म्हणजे माझी भाची. ताईंची एकुलती एक मुलगी. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवते, तेही अशा ठाम आवाजात की साठीचे पुरुष गपगुमान पाय उचलतात. तिचं एका मुलुंडच्या मुलाशी जमलं होतं. मुलगा इंजिनियर, दिसायला नीटस, बोलायला गोड. दोघं दोन वर्षं एकमेकांना ओळखत होते. दोन्ही घरच्यांनी होकार दिला होता, ताईंनी साड्या बघायलाही सुरुवात केली होती. आणि आता मुलाच्या मामांनी पत्रिका मागितली होती.

"मुलीला मंगळ आहे म्हणतायत," ताई म्हणाल्या. "सातव्या घरात. मुलाची आई दोन दिवस जेवली नाही म्हणे. पुढच्या रविवारी ते सगळे आमच्याकडे येतायत. तू ये ना लॅपटॉप घेऊन. तुझ्याकडे ते सायंटिफिक आहे. मंगळ नाहीच आहे असं त्यावर दाखव."

"नसेल तर दाखवेन. पण ताई, असला तरी त्याने काय होतं?"

"ते मला नको सांगू. मला माहितेय गं ते थोतांड आहे. माझं सुद्धा बी.एस्सी. झालंय. पण मला तिचं लग्न हवंय."

फोन ठेवल्यावर मी शनी बंद केला. ऑफिसमध्ये मला हे रोज ऐकावं लागतं. मालाडला विम्याचे क्लेम तपासायच्या खात्यात मी काम करते. तिथे माझ्या या छंदाची बातमी पसरल्यापासून जेवणाच्या सुट्टीत कोणी ना कोणी येतंच. "मॅडम, साडेसाती कधी संपते बघा ना." सुरुवातीला मी समजावून सांगायचे. ज्योतिष वेगळं, खगोलशास्त्र वेगळं. लोक मान डोलवतात आणि म्हणतात, "हो हो, पण सांगा ना." आता मी डबा खाते आणि गप्प बसते. पण ही घरातली माणसं. त्यातून ती पोर.

मी तिची जन्मतारीख घातली. जागा घाटकोपर. वेळ मला विचारावी लागली नाही, कारण मी तिथे होते. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. जानेवारीची संध्याकाळ, सात वाजून गेले होते, आणि मी चहाचा थर्मास घेऊन त्या नर्सिंग होमच्या पॅसेजमध्ये उभी होते. नर्स बाहेर आली, "मुलगी झाली" म्हणाली, आणि ताईंच्या सासूबाईंनी पेढ्यांचा पुडा पिशवीतून काढला होता तो परत पिशवीत ठेवला. मी नवी नवरी, काही बोलले नाही. पण तो पुडा परत जाताना मी बघितला.

पडद्यावर त्या संध्याकाळचं आकाश उघडलं. मी उजेडाची पट्टी मागे ओढली. काय आकाश होतं! कृत्तिकांचा झुबका जवळजवळ डोक्यावर. खाली रोहिणी लालसर. पूर्वेला मृग आडवा होऊन वर चढत होता आणि त्याच्या मागोमाग व्याध, इतका चमकत होता की पडद्यावरसुद्धा डोळे तिथेच जात होते. ज्या मुलीसाठी पेढ्यांचा पुडा उघडला गेला नाही तिच्या डोक्यावर हे सगळं होतं.

आणि पश्चिमेला, क्षितिजाच्या जरा वर, मावळायला टेकलेला एक फिका ठिपका. मंगळ.

मी त्याच्यावर क्लिक केलं. त्या दिवसांत तो सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होता, आपल्यापासून जितका लांब जाऊ शकतो जवळजवळ तितका लांब. मंगळ जवळ असतो तेव्हा निखाऱ्यासारखा दिसतो. त्या संध्याकाळी तो विझलेल्या विडीसारखा होता. घाटकोपरच्या धुरात तो कोणाच्या नजरेला पडणंही शक्य नव्हतं.

पण मावळतीला होता हे खरं. थोडं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की पत्रिकेतलं सातवं घर म्हणजे तेच, पश्चिमेचं क्षितिज. पत्रिकेतली घरं म्हणजे आकाशाचेच बारा तुकडे. मामांचं गणित चुकलेलं नव्हतं.

मी ताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचे गुरुजी म्हणाले, तासा-दीड तासाने जन्म झाला असता तर मंगळ सहाव्यात गेला असता. सहाव्यात दोष नसतो."

"मग?"

"मग तासभर पुढे कर ना. तुझ्या हातात आहे ते. बटण दाबलं की पुढे जातं ना आकाश? नर्सिंग होमच्या कागदावर वेळ चुकली होती असं सांगू. ते नर्सिंग होमही आता उरलं नाही."

"ताई, तासभर पुढे केलं की ते दुसरंच आकाश होतं."

"कोण बघतंय?"

मी "बघू" म्हणून फोन ठेवला. लॅपटॉप खाडकन मिटला. तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? एका खोट्या गोष्टीसाठी आणखी एक खोटं बोलायचं, मुलीचं भलं होतंय, बोलून टाक. नवरा हेच म्हणाला. तो उठून बाहेर आला होता, चहाची वाट बघत होता.

"तुझं काय जातं? एक तास तर आहे. तो मंगळ काय कोर्टात जाणार आहे का?"

"मला हे एकच ठिकाण आहे," मी म्हणाले, "जिथे कोणी मला अ‍ॅडजस्ट कर म्हणत नाही. तिथेही तुम्ही आलात."

"एवढं मनाला लावून घेण्यासारखं..."

"चहा तुझा तू कर."

त्याने केला. मलाही दिला. पण नजरेला नजर दिली नाही. त्याची ती एकच बहीण. आई-वडील गेल्यावर तिनेच त्याला शिकवलं, वडील काम करत ती गिरणी बंद पडल्यानंतरच्या दिवसांत स्वतःचं लग्न लांबवून. तिचा शब्द त्याने कधी खाली पडू दिलेला नाही, हे मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी भाची स्वतः आली, हॉस्पिटलमधून परस्पर. पायातले बूट दारात भिरकावले, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "मामी, आईने तुला फोर्जरी करायला सांगितलंय म्हणे."

मला हसूही आलं आणि रडूही. "तू सांग. तुझं लग्न आहे. तू म्हणालीस तर एक तास काय, पूर्ण दिवस पुढे करते. शिव्या देत करेन, पण करेन."

"आधी मला दाखव तरी."

मी तिला तिच्या जन्माचं आकाश दाखवलं. ती बराच वेळ बघत होती. मृगाचा पट्टा तिने बोटाने मोजला. मंगळ सापडेना, मी दाखवला तेव्हा म्हणाली, "हा? एवढासा? याच्यासाठी त्याची आई जेवत नाहीये?"

"हाच," मी म्हणाले.

मग मीच विचारलं, "तो काय म्हणतो?" तो म्हणजे मुलगा.

तिने केस सोडून पुन्हा बांधले. ती विचार करत असली की असं करते. "तो म्हणतो, मी मानत नाही हे सगळं. पण आईला दुखवायचं नाही. तू टेन्शन घेऊ नकोस, काहीतरी होईल. मामी, गेला आठवडाभर मी हेच ऐकतेय. काहीतरी होईल. म्हणजे काय होईल? कोण करेल?"

मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"तू काही बदलू नकोस," ती म्हणाली. "जे होतं ते दाखव. मला बघायचंय तो काय करतो."

रविवारी आम्ही घाटकोपरला गेलो. मी लॅपटॉपची बॅग मांडीवर धरून रिक्षात बसले होते आणि नवरा बाजूला गप्प. त्याला मी सांगितलं होतं की मी वेळ बदलणार नाही. तो एवढंच म्हणाला होता, "तुला जे करायचं ते तू करणारच."

ताईंचं घर धुऊन-पुसून चकचकीत केलेलं. साबुदाणा वडे, ओल्या नारळाच्या करंज्या, सरबत. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मामा. मामा बँकेतून रिटायर झालेले, अत्यंत सभ्य गृहस्थ. आवाज कधी चढवत नव्हते. मला "वहिनी" म्हणत होते. असल्या सभ्य माणसांचा मला जास्त संताप येतो. ओरडणाऱ्या माणसावर निदान ओरडता येतं.

"ऐकलंय तुमच्याबद्दल," ते म्हणाले. "तुम्ही अ‍ॅस्ट्रॉनॉमी करता. फारच छान. शेवटी दोन्ही एकच शास्त्र आहे, नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती. त्यांना अजून वाटत होतं की मी आयत्या वेळी त्यांची बाजू घेईन. मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला, उघडला, तारीख घातली आणि खरी वेळ घातली.

सगळे वाकून बघायला लागले. क्षणभर सगळे खरंच बघत होते. मुलाचे वडील तर "अरे वा, मृग ना हा?" म्हणाले. गावाला असताना त्यांनी बघितला होता म्हणे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि बायकोने बघितल्यावर विझलं.

"आणि हा मंगळ," मी पश्चिमेकडे सरकत म्हणाले. "इथे. क्षितिजाच्या थोडा वर. आपल्यापासून प्रचंड लांब. त्या खोलीत बाळावर उजेड पडत होता तो ट्यूबलाइटचा. मंगळाचा किरणसुद्धा तिथे पोचला नव्हता, कारण नर्सिंग होमची खिडकी पूर्वेला होती. मी तिथे होते."

मामांनी चष्मा वर केला. खिशातून फोन काढला, त्यावर त्यांचं ज्योतिषाचं अ‍ॅप उघडलं, पडद्याशी ताडून बघितलं. मग ते अगदी समाधानाने मागे टेकले.

"बघा," ते मुलाच्या आईला म्हणाले. "मी सांगत होतो ना? मावळतीला म्हणजे सातव्यातच. आता तर कॉम्प्युटरच सांगतोय. वहिनींचे आभार मानायला पाहिजेत. सायंटिफिक कन्फर्मेशन मिळालं."

मी आयुष्यात पुष्कळ वेळा चिडलेय. पण त्या क्षणी माझ्या कानात नुसता आवाज भरला. माझी ती जागा, माझे ते रविवार, मी एकेक करून ओळख करून घेतलेले ते तारे, हे सगळं त्या माणसाने करंजी उचलावी तसं उचललं आणि स्वतःच्या बशीत ठेवलं.

"थांबा," मी म्हणाले. आवाज चढलाच. "तुमच्या फोनमधलं गणित आणि माझ्या लॅपटॉपमधलं गणित एकच आहे, माहितेय तुम्हाला? ज्यांनी मंगळावर यान पाठवायला हे गणित केलं, त्यांच्या गणितावर तुमचं अ‍ॅप चालतं. त्यांनी तिथली माती खणली, दगड फोडले. तिथे थंडी आहे आणि धूळ आहे. तुमच्या भाच्याच्या आयुष्याची कसली फाइल नाहीये तिथे. त्या संध्याकाळी त्या वेळेला या शहरात जन्मलेल्या सगळ्या मुलांच्या पश्चिमेला हाच मंगळ होता. शेजारच्या खोलीत एक मुलगा झाला होता, मला आठवतंय, त्याच्या घरचे पेढे वाटत होते. तो मुलगा आज कुठेतरी लग्न करून सुखाने बसला असेल. त्याला विचारायला गेलं का कोणी?"

"वहिनी, मुलांच्या बाबतीत एवढं बघत नाहीत," मामा शांतपणे म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी!"

"अगं, बस," नवरा म्हणाला.

"नाही बसणार. आणि तूही बोल काहीतरी. तुझी भाची आहे."

नवऱ्याने सरबताच्या ग्लासात बघितलं. मी अजून त्याला हे माफ केलेलं नाही. करणार आहे की नाही ते मला माहीत नाही.

मग मुलगा बोलला. इतका वेळ तो सोफ्याच्या कडेला बसून गुडघ्यावर बोटं वाजवत होता. त्याने घसा साफ केला. "मला वाटतं यातून सोपा मार्ग आहे," तो म्हणाला. "माझा स्वतःचा यावर विश्वास नाही. पण आईच्या समाधानासाठी आपण कुंभविवाह करून टाकू. छोटासा विधी असतो. अर्ध्या तासात होतो. कोणाला सांगायची पण गरज नाही."

कुंभविवाह म्हणजे मुलीचं लग्न आधी मातीच्या मडक्याशी लावायचं. मग ते मडकं फोडायचं किंवा पाण्यात सोडायचं. मंगळाचा जो काही कोप असेल तो मडक्यावर निघतो. नवरा मेला, दोष गेला, मुलगी दुसऱ्या लग्नाला मोकळी.

खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला. खरंच ऐकू आला तो श्वास. मुलाच्या आईने पदराने डोळे टिपले. मामा म्हणाले, "उत्तम, उत्तम." ताईंचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्याकडे बघवेना. "मी म्हटलं नव्हतं, मार्ग निघेल?" त्या उठल्याच, आणखी वडे आणायला.

भाची मात्र जागची हलली नाही. तिने मुलाला नावाने हाक मारली आणि विचारलं, "तुझा विश्वास नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग मी मडक्याशी लग्न कशाला करायचं?"

"अगं, फॉर्मॅलिटी आहे यार. आईसाठी."

"ठीक आहे. माझ्या आईसाठी तू पण कर. आपण दोघं करू. दोन मडकी आणू."

कोणीतरी हसलं. मुलगा हसला नाही. "मला कशाला? मला मंगळ नाहीये."

मी तिचा चेहरा बघत होते. रागावलेली नव्हती ती. पेशंटचा एक्स-रे हातात आल्यावर, नेमकं कुठे मोडलंय ते समजल्यावर ती दिसत असेल तशी दिसत होती.

"बरं," ती म्हणाली. उठली, ताईंच्या हातातली वड्यांची ताटली घेतली आणि टेबलावर ठेवली. मग मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही आज नीट जेवा. मी तुमच्याकडे येणार नाहीये."

"अगं, काय बोलतेस!" ताई किंचाळल्या.

ती सरळ दाराबाहेर पडली आणि मुलगा तिच्या मागोमाग जिना उतरून गेला. ते काय बोलले ते मला माहीत नाही. तो परत वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. वाईट नव्हता तो. सिगारेटसुद्धा ओढत नसे. पण ज्या गोष्टीवर विश्वास आहे तिच्यापायी माणसाने चूक केली तर मी समजू शकते. ज्या गोष्टीवर विश्वास नाही तिच्यापायी दुसऱ्याला वाकायला लावणारा माणूस मला समजत नाही. त्याच्यापेक्षा ती न जेवणारी आई बरी. तिला निदान खरंच भीती वाटत होती.

पाहुणे गेल्यावर ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या एरवी आमच्याशी शहरातलीच मराठी बोलतात. तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून सरळ मालवणी आली. "माझ्या चेडवाचा लगीन मोडलंस. तुका काय जाता? तुझ्या घरात चेडू नाय."

चेडू म्हणजे मुलगी, आणि आम्हाला तर मूलच नाही. हे त्या मला एवढ्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. मी लॅपटॉप बॅगेत घातला, चेन लावली आणि निघाले. नवरा थांबला, बहिणीपाशी. मी एकटीच रिक्षाने घरी आले. वाटेत मी बोलायला हवी होती ती वाक्यं एकामागून एक सुचत होती आणि मी रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत ती पुटपुटत होते. त्याने आरशात दोनदा बघितलं.

त्यानंतर गणपतीला ताईंनी आम्हाला बोलावलं नाही. म्हणजे नवऱ्याला बोलावलं. तो गेला. मी त्या दिवशी घरी बसून दिवसभर आकाश बघितलं आणि त्यातलं काहीही माझ्या डोळ्यांत शिरलं नाही. नातेवाइकांत बातमी पसरली ती अशी, की मामीने कॉम्प्युटरवर बघून मुलीला कडक मंगळ आहे असं सांगितलं आणि जमलेलं मोडलं. एका चुलत जावेने तर मला फोन करून तिच्या मुलाची पत्रिका बघायला सांगितली. "तुझं एकदम अचूक असतं म्हणतात," ती म्हणाली. मी फोन आपटला.

भाचीने घर सोडलं. भांडून नाही, पण सोडलं. हॉस्पिटलजवळ दोन मैत्रिणींबरोबर राहते. पहिले काही महिने वाईट गेले तिचे. बारीक झाली. त्या मुलाचा मेसेज आला की दिवसभर फोन उलटा करून ठेवायची. दोन वर्षं जवळचा असलेला माणूस असा एका दुपारी मनातून जात नाही. एकदा ती आमच्या टेबलावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "मामी, मी केलं असतं ना मडक्याशी लग्न, तर आज..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं. मग म्हटलं, "केलं असतंस तर पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी आलं असतं. आईसाठी." ती म्हणाली, "माहितेय." तरी रडत राहिली. मीही तिला थांबवलं नाही.

त्या मुलाचं लग्न झालं, त्याच वर्षी. मामांनी पत्रिका जुळवली म्हणे. सुखी आहे असं ऐकते. असू दे.

ताई आमच्याकडे आल्या त्या जवळजवळ वर्षाने. न सांगता, भर दुपारी, हातात कोकमाच्या सोलांची पिशवी. गावाहून आली होती. मी सरबत दिलं. त्या टेबलाच्या माझ्या बाजूला बसल्या, लॅपटॉप सरकवून. मी काही बोलले नाही. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "ती फोन उचलते माझा. पण 'हो', 'नाही' एवढंच बोलते."

"तुम्ही काय बोलता तिच्याशी?"

"मी विचारते, जेवलीस का."

"दुसरं काहीतरी विचारा."

"काय विचारू?" त्यांनी खरोखरच विचारलं. माझ्यापेक्षा मोठी बाई, जिने माझ्या नवऱ्याला वाढवलं, ती मला विचारत होती की स्वतःच्या मुलीशी काय बोलायचं. माझ्या मनात वर्षभर साठवलेली वाक्यं होती. चेडू नाय या शब्दांचं उत्तर तर मी इतक्या वेळा घासून ठेवलं होतं की त्याला धार आली होती. ते मी तेव्हाच बोलले. सगळं. आवाज न चढवता नाही, चांगला चढवून. नवरा आतून बाहेर आला आणि दारातच थांबला. ताई मान खाली घालून ऐकत होत्या. माझं बोलून झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तेव्हा तोंडाला येईल ते बोलले मी."

"हो. बोललात."

त्यांनी माफी मागितली नाही, मीही "जाऊ दे" म्हटलं नाही. संध्याकाळी नवरा त्यांना सोडायला निघाला तेव्हा त्यांनी दारात चप्पल घालता घालता विचारलं, "अंधेरीला तिच्या खोलीवर जायला कुठे उतरायचं?"

मी त्यांना रस्ता सांगितला. मग तो त्यांच्या लक्षात राहणार नाही असं वाटलं, म्हणून ओढणी घेतली आणि चिडचिड करत त्यांच्याबरोबर खाली उतरले.